लॉजचं वायफाय संध्याकाळी का अडकतं? राउटरमधलं डीएचसीपी एकदा नीट लावून घ्या

व्हिडिओत राउटरच्या सेटिंगचे स्क्रीन पटापट पुढे जातात आणि हाताशी वही नसते, म्हणून हा धडा इथे लिहून देतोय. व्हिडिओ एकदा बघा, आणि काम करायला बसाल तेव्हा हे पान उघडं ठेवा.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (बोलताना तोंडात अजून नगरच येतं, चालायचंच) छोट्या धंद्यात वायफायवर सगळ्यात जास्त ताण कुठे येत असेल, तर शिर्डीच्या लॉजवर. गुरुवारी पालखी असते, त्या दिवशी रूम भरलेल्या. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि दसरा या तीन उत्सवांना तर विचारूच नका. संध्याकाळी सात-आठच्या सुमाराला लोक दर्शन करून खोलीवर येतात, घरी व्हिडिओ कॉल लावायला जातात आणि वायफाय लागत नाही. सिग्नलच्या काड्या फुल. पासवर्ड बरोबर. फोन नुसता ‘आयपी अ‍ॅड्रेस मिळवत आहे’ म्हणत गोल गोल फिरतो आणि शेवटी सोडून देतो.

मग काउंटरवरचा पोरगा शिव्या खातो. तो नेटवाल्याला फोन लावतो. नेटवाला म्हणतो, राउटर बंद करून चालू करा. केलं की चालतं! दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. असं आठ-दहा वेळा झालं की कुणीतरी सल्ला देतं, ‘शेठ, तुमचा प्लॅन छोटा पडतोय, मोठा घ्या.’ मालक शंभर एमबीपीएसचा तीनशे करतो, दर महिन्याला जास्तीचे पैसे मोजतो, आणि पुढच्या गुरुवारी काउंटरवर तोच तमाशा.

प्लॅनचा इथे संबंधच नसतो. नेटचा पाइप मोकळा असतो, पण राउटरकडे पाहुण्यांना द्यायला नंबर शिल्लक नसतात. ही दुरुस्ती फुकट आहे, दहा-पंधरा मिनिटांची आहे आणि तुमची तुम्हाला करता येते. तेव्हा प्लॅन वाढवण्याआधी एवढं वाचा.

राउटरच्या आतलं रजिस्टर

लॉज चालवणाऱ्याला डीएचसीपी समजावणं सगळ्यात सोपं, कारण तो रोज तेच करतो. पाहुणा दारातून येतो आणि मोठ्याने विचारतो, ‘खोली मिळेल का?’ काउंटर म्हणतं, ‘१०७ रिकामी आहे.’ पाहुणा म्हणतो, ‘ठीक आहे, १०७ द्या.’ काउंटर रजिस्टरमध्ये लिहितं आणि सांगतं, ‘झाली नोंद, उद्या सकाळपर्यंत १०७ तुमची.’

फोन वायफायला जोडताना नेमकी हीच चार वाक्यं होतात, फक्त सेकंदाच्या आत. खोली म्हणजे आयपी अ‍ॅड्रेस, उदाहरणार्थ १९२.१६८.०.१०७. काउंटर म्हणजे राउटरमधला डीएचसीपी सर्व्हर. आणि चेकआउटची वेळ म्हणजे लीज टाइम. ही पद्धत १९९३ मध्ये पहिल्यांदा कागदावर आली, १९९७ मध्ये तिला जे रूप मिळालं तेच आजही तुमच्या हजार-बाराशेच्या राउटरमध्ये चालतंय. नंबर आपोआप वाटले जातात, म्हणूनच पाहुण्याला फक्त पासवर्ड सांगून भागतं. नाहीतर प्रत्येकाच्या फोनमध्ये आपल्याला हाताने नंबर भरत बसावं लागलं असतं.

आता फरक कुठे आहे बघा. पाहुणा लॉज सोडताना चावी परत देतो. फोन बहुतेक वेळा देत नाही. पाहुणा रिक्षात बसून कोपरगाव स्टेशनला निघाला, वायफायची रेंज सुटली, विषय संपला. राउटरला कुणी सांगितलंच नाही की तो गेला! म्हणून लीज टाइम संपेपर्यंत तो नंबर रजिस्टरमध्ये ‘भरलेला’ राहतो. खोली रिकामी, नोंद मात्र कायम.

आता हिशोब करू. समजा तुमच्या वीस खोल्या, खोलीत सरासरी चार फोन. झाले ऐंशी. बरेच राउटर कारखान्यातून येतानाच .१०० ते .१९९ अशी रेंज लावून येतात, म्हणजे शंभर नंबर. तुम्हाला वाटेल, ऐंशी फोन आणि शंभर नंबर, मग अडचण काय? अडचण लीज टाइममध्ये आहे. तो चोवीस तास असेल, तर आज सकाळी नऊला गेलेल्या पाहुण्यांचे ऐंशी नंबर उद्या सकाळपर्यंत अडकलेले. आज आलेल्यांना हवेत आणखी ऐंशी. एकशे साठ मागणारे, शंभर नंबर. पहिल्या वीस जणांना मिळतं, त्यानंतर येणारा प्रत्येक जण काउंटरवर भांडायला येतो.

राउटर बंद-चालू केल्यावर का चालतं, तेही आता लक्षात आलं असेल. साध्या राउटरचं रजिस्टर त्याच्या तात्पुरत्या मेमरीत असतं. लाईट गेली की रजिस्टर पुसलं, नव्याने वाटप सुरू. म्हणजे नेटवाला जो उपाय सांगतो तो रजिस्टर फाडून टाकण्याचा आहे. आणि त्याचा एक साइड इफेक्ट असतो: आधीपासून जोडलेला एखादा फोन किंवा प्रिंटर आपला जुना नंबर धरून बसलेला असतो आणि राउटर तोच नंबर दुसऱ्याला देऊन टाकतो. एका खोलीत दोन बिऱ्हाडं. मग दोघांचंही नेट अडखळतं.

आता प्रत्यक्ष सेटिंग

हे काम सकाळी अकराच्या सुमाराला करा, चेकआउट झालेले असतात आणि नवे पाहुणे यायचे असतात. संध्याकाळी हात लावू नका. शक्यतो लॅपटॉप केबलने राउटरला जोडा. आणि काहीही बदलण्याआधी प्रत्येक स्क्रीनचा मोबाईलवर फोटो काढा. काही बिघडलंच तर फोटो बघून पूर्ववत करता येतं.

राउटरच्या आत शिरायला त्याचा स्वतःचा पत्ता लागतो. टीपी-लिंक, डी-लिंकवर बहुतेक वेळा १९२.१६८.०.१ असतो, काहींचा १९२.१६८.१.१, जिओफायबरच्या राउटरवर १९२.१६८.२९.१. अंदाज लावत बसू नका: फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावावर दाबलं की ‘गेटवे’ म्हणून जो नंबर दिसतो, तोच. तो ब्राउझरच्या वरच्या पट्टीत इंग्रजी आकड्यांत टाईप करा. लॉगिन बहुतेक राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. ते अजून कारखान्यातलंच असेल तर आजच बदला, कारण तो पासवर्ड माहीत असणारा कुठलाही पाहुणा तुमच्या राउटरचा मालक होऊ शकतो.

आत ‘लॅन’ किंवा ‘नेटवर्क’ नावाच्या भागात ‘डीएचसीपी सर्व्हर’ सापडेल. कंपनीप्रमाणे जागा बदलते, नावं साधारण हीच. इथे तुम्हाला तीन गोष्टी बघायच्या आहेत.

स्टार्ट आयपी आणि एंड आयपी म्हणजे पाहुण्यांना द्यायच्या खोल्या कुठून कुठपर्यंत. साध्या राउटरवर शेवटचा आकडा १ ते २५४ पर्यंत जातो, त्यातला एक राउटरचा स्वतःचा. माझा सल्ला, स्टार्ट .५० ठेवा आणि एंड .२५०. मोजा, दोनशे एक नंबर झाले. .२ ते .४९ मुद्दाम मोकळे ठेवलेत, ते तुमच्या स्वतःच्या मशीनसाठी, पुढे येतोच. तुमचा राउटर १९२.१६८.०.१ असेल तर सुरुवातीचे तीन आकडे १९२.१६८.० तसेच राहू द्या. ‘सबनेट मास्क’ म्हणून २५५.२५५.२५५.० दिसेल, त्याला हात लावायचा नाही.

लीज टाइम लॉजसाठी दोन तास ठेवा. काही राउटर तो मिनिटांत मागतात, काही सेकंदांत. १२० मिनिटं किंवा ७२०० सेकंद. पाहुण्याचा नंबर दर दोन तासांनी तुटेल अशी भीती नको. फोन अर्धी मुदत झाली की गुपचूप मुदतवाढ मागतो आणि त्याला ती मिळते, पाहुण्याला कळतही नाही. जो निघून गेला तो मागणार नाही, त्याचा नंबर मोकळा. सकाळी नऊला गेलेल्यांचे सगळे नंबर अकरापर्यंत परत तुमच्या हातात. हौसेने पाच मिनिटं मात्र करू नका. मग प्रत्येक फोन सारखा काउंटरवर येत राहणार आणि राउटरला विनाकारण काम.

सेव्ह करा, राउटर एकदा रीस्टार्ट करा. पाहुण्यांचा भाग झाला.

एक प्रामाणिक सूचना इथेच देतो. नंबर वाढवले म्हणजे स्पीड वाढला असं नाही. घरगुती राउटरला एकाच वेळी पंचवीस-तीस फोन खऱ्या अर्थाने सांभाळताना धाप लागते. वीस खोल्यांच्या लॉजला मजल्यागणिक एक अ‍ॅक्सेस पॉइंट लागणारच. पण आधी नंबरांचा घोळ काढा, मग कळेल की खरंच मशीन कमी पडतंय का.

लाईट गेली, आली, आणि किचनचं तिकीट छापेना

लॉजच्या खाली जेवणाचा हॉल असतो. ऑर्डर टॅबवर घेतात, किचनमध्ये नेटवर्कचा थर्मल प्रिंटर, त्यावर तिकीट छापून येतं. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये इन्स्टॉल करणाऱ्याने कधीतरी भरून ठेवलंय: किचन प्रिंटर, १९२.१६८.०.१०५.

दुपारी लाईट जाते. वीस मिनिटांनी येते. राउटर, प्रिंटर, पाहुण्यांचे फोन, सगळे एकदम काउंटरवर धावतात. या गर्दीत प्रिंटरला मिळतो .११२, आणि .१०५ जातो दुसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी फोनला. आता सॉफ्टवेअर बिचारं ‘दोन राइस प्लेट, एक मिसळ’ पाहुण्याच्या फोनला पाठवत बसतं. फोन लक्ष देत नाही, किचनला काही कळत नाही, टेबलवरचा माणूस अर्ध्या तासाने उठून जातो. इन्स्टॉल करणारा माणूस येऊन नंबर पुन्हा भरतो, व्हिजिटचे पैसे घेतो. पुढच्या वेळी लाईट गेली की परत.

यावर उपाय म्हणजे ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’. लॉजच्या भाषेत मॅनेजरची खोली: कितीही गर्दी असो, ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. राउटर प्रत्येक मशीनला त्याच्या मॅक अ‍ॅड्रेसने ओळखतो. तो बारा अक्षर-आकड्यांचा असतो, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेला, आणि मशीनच्या स्टिकरवर सापडतो. थर्मल प्रिंटरवर सापडला नाही तर प्रिंटर बंद करा, फीडचं बटण दाबून धरून चालू करा. बहुतेक प्रिंटर स्वतःची माहिती कागदावर छापून देतात, त्यात असतो. नाहीतर राउटरमधल्या ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’मध्ये नावानिशी दिसेल.

रिझर्व्हेशनच्या पानावर तो मॅक भरा आणि समोर नंबर द्या: किचन प्रिंटर .१०, बिलिंग प्रिंटर .११, सीसीटीव्हीचा डीव्हीआर .२०, असं. काही राउटर रेंजच्या बाहेरचा नंबर घेत नाहीत. तिथे रेंजमधलाच एक द्या, राउटर तो इतरांना वाटणार नाही. मग प्रिंटर बंद-चालू करा आणि बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये एकदाच, शेवटचं, नवीन नंबर टाका.

तुम्ही म्हणाल, प्रिंटरमध्येच नंबर पक्का भरला तर? भरता येतो, चालतोही. पण मला ते आवडत नाही. उद्या राउटर बदलला, नवीन राउटर १९२.१६८.१ वाला निघाला, तर प्रत्येक मशीन उघडून बसावं लागतं, आणि कशात काय भरलंय हे कुणाच्या लक्षात नसतं. रिझर्व्हेशन एकाच ठिकाणी, एकाच पानावर दिसतं.

टॅब आणि फोनच्या बाबतीत एक खोच आहे. अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, आणि आयफोनमध्ये आयओएस १४ पासून, म्हणजे २०२० पासून, फोन वायफायला आपला खरा मॅक न सांगता बनावट मॅक सांगतो. पाहुण्याच्या खासगीपणासाठी ते चांगलंच आहे. पण वेटरच्या टॅबला रिझर्व्हेशन द्यायचं असेल तर त्या टॅबच्या वायफाय सेटिंगमध्ये, फक्त तुमच्या नेटवर्कपुरतं, ‘प्रायव्हसी’मध्ये जाऊन ‘डिव्हाइस मॅक’ निवडा. आयफोन-आयपॅडवर ‘प्रायव्हेट वायफाय अ‍ॅड्रेस’ बंद करा. नाहीतर तुम्ही आरक्षण एकाच्या नावाने करणार आणि तो दुसऱ्याच नावाने येणार.

जमलं तर राउटरला एक छोटा यूपीएस लावा. किचनचा प्रिंटर बंद पडला तरी राउटरचं रजिस्टर शाबूत राहतं, आणि अर्धा घोळ तिथेच टळतो.

एका लॉजमध्ये दोन काउंटर

तिसऱ्या मजल्यावर रेंज येत नाही म्हणून मालक बाजारातून दुसरा राउटर आणतो, वर नेतो, खालून आलेली केबल त्यात खोचतो. काड्या फुल! आणि त्या दिवसापासून खालच्या मजल्यावरचंही वायफाय कधी चालतं, कधी नाही.

आठवा, फोन नंबर मागतो तेव्हा तो मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारतो. आता लॉजमध्ये दोन काउंटर झाले आणि दोघेही ओरडतायत, ‘माझ्याकडे या!’ ज्याचं उत्तर आधी पोचलं, त्याचा नंबर. वरच्या राउटरने नंबर दिला तर तो बाहेरचा रस्ता म्हणून स्वतःकडेच बोट दाखवतो, आणि त्याच्याकडून बाहेर जायला रस्ताच नसतो. पाहुण्याला दिसतं: ‘जोडलेले आहे, इंटरनेट नाही.’ वर दोन्ही रजिस्टरं वेगळी, त्यामुळे एकच नंबर दोघांना दिला जाण्याची सोय आहेच.

ओळखायचं कसं? एक चालणारा आणि एक न चालणारा फोन शेजारी धरा, दोघांचा गेटवे बघा. वेगळे असतील तर दोन काउंटर आहेत, नक्की. दोघांचा सारखाच दिसला तरी लगेच खात्री धरू नका, कारण एकाच कंपनीचे दोन राउटर असतील तर दोघांचाही पत्ता १९२.१६८.०.१ असू शकतो. तेव्हा वरच्या राउटरची केबल काढून बघा, खालचं सुधारलं की उत्तर मिळालं. आणि विंडोज लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसला, तर समजा की एकाही काउंटरने उत्तर दिलेलं नाही आणि लॅपटॉप स्वतःच व्हरांड्यात पथारी टाकून झोपलाय.

दुरुस्ती अशी. वरच्या राउटरची केबल आधी काढा. त्याच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅक्सेस पॉइंट मोड’ असेल तर तो निवडा, काम झालं. नसेल तर त्याचा स्वतःचा लॅन आयपी बदलून १९२.१६८.०.२ करा (मुख्य राउटर १९२.१६८.०.१ आहे असं धरून), नव्या पत्त्याने पुन्हा आत शिरा, आणि मग डीएचसीपी सर्व्हर ‘डिसेबल’ करा. हा क्रम उलटा केलात तर आत शिरताना नाकीनऊ येतील. शेवटी खालून आलेली केबल त्याच्या लॅनच्या भोकात लावा, वेगळ्या रंगाच्या वॅनच्या भोकात नाही. वॅनमध्ये लावली तरी नेट चालेल, पण वरच्या मजल्याचं वेगळंच नेटवर्क तयार होईल. वायफायचं नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे सारखा ठेवा, म्हणजे जिना चढताना पाहुण्याचा फोन आपोआप वरचा सिग्नल पकडेल.

आणि धंदा लॉजचा नसेल तर

नगर शहरात सावेडीला अभ्यासिका काढायचा विचार असेल, तर तिथे पाहुणे बदलत नाहीत, रोज तीच साठ मुलं. साठ जागा, प्रत्येकाचा फोन आणि लॅपटॉप, म्हणजे एकशे वीस नंबर. कारखान्यातली शंभरची रेंज पहिल्याच दिवशी कमी पडणार, ती वाढवाच. लीज टाइम मात्र बारा तास ठेवलात तरी बिघडत नाही. गावाकडे दूध संकलन केंद्रात उलटं: चार-पाचच मशीन, कायमची. तिथे सगळ्यांना रिझर्व्हेशन द्या आणि विसरून जा.

शनिशिंगणापुरात घरांना दारं नसतात, ते तिथे शोभतं. तुमच्या वायफायला दार हवं. पाहुण्यांसाठी ‘गेस्ट नेटवर्क’ वेगळं चालू करा आणि त्यातलं ‘लोकल नेटवर्क बघू द्या’ असं जे काही असेल ते बंद करा. डीव्हीआरला .२० नंबर पक्का दिला म्हणजे तो सुरक्षित झाला असं नाही, उलट तो शोधायला सोपा झाला. बऱ्याच साध्या राउटरवर गेस्ट नेटवर्कचे फोनही त्याच दोनशे एक नंबरांतून वाटा घेतात, तेव्हा हिशोबात धरा.

‘वायफायचे पैसे लावू का?’ असं बरेच जण विचारतात. घरगुती प्लॅन विकत बसू नका, नेटवाल्याच्या अटींत ते बसत नाही. केंद्र सरकारची पीएम-वाणी योजना आहे, ९ डिसेंबर २०२० ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेली. त्यात दुकानदाराला सार्वजनिक वायफाय द्यायला परवाना लागत नाही, नोंदणी फी नाही. नोंदणी असलेल्या एका मधल्या कंपनीशी जोडून घ्यावं लागतं. त्यावर वेगळा व्हिडिओ करावा लागेल, इतका तो विषय मोठा आहे.

आता एक कागद घ्या. राउटरचा पत्ता, नवीन लॉगिन, रेंज .५० ते .२५०, लीज दोन तास, वरच्या राउटरचा .२, आणि रिझर्व्हेशनची यादी, कुठल्या मशीनला कुठला नंबर. तो काउंटरच्या खणात ठेवा, गल्ल्याच्या किल्लीजवळ, भिंतीवर नको. येत्या गुरुवारी रात्री आठ वाजता राउटर उघडून डीएचसीपी क्लायंट लिस्टमध्ये किती नावं आहेत ती मोजा आणि त्याच कागदावर तारखेसह लिहा. आकडा एकशे सत्तरच्या पुढे गेला, तर रामनवमीच्या आधी लीज टाइम एक तासावर आणा.